घोड्याखालचं रिकामं घर

विल्मा ओस्टगार्ड जिना चढून वर आली तेव्हा ओडी लिंडक्विस्ट खिडकीपाशी बसून कॉफीत बिस्किट बुडवत होता, आणि नेल त्याला ‘बुडवू नकोस’ म्हणून चौथ्यांदा सांगत होती.

हार्लन्स फोर्ड गावात खाजगी गुप्तहेर एकच, आणि ती म्हणजे नेल लिंडक्विस्ट. खोगिरांच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, एवढाच तिचा पसारा. ओडी तिचा धाकटा दीर. त्याचा भाऊ, म्हणजे नेलचा नवरा, वारल्यापासून तो तिची पिकअप चालवायचा आणि तिचे तर्क ऐकून घ्यायचा. त्यातले निम्मे त्याच्या डोक्यावरून जात, पण तसं कबूल करायची त्याची तयारी नसे.

विल्मा एकाहत्तर वर्षांची होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गालावर टाके. छातीवरचा चामडी पट्टा नेहमीसारखा आवळलेला होता, पण त्याची खोळ रिकामी होती.

“रिव्हॉल्व्हर अजून वॉर्डनकडेच आहे,” ती बसत म्हणाली. “पट्टा आपला सवयीने घालते. ते वजन नसलं की चालताना तोल जातो माझा.”

ते रिव्हॉल्व्हर ठाऊक नाही असा माणूस गावात नव्हता. पोलादी मॅग्नम, आठ गोळ्यांचं. बाकी सगळे सहा गोळ्यांवर समाधानी असताना विल्माने सत्तरीला स्वतःलाच ते भेट दिलं, आणि तेव्हापासून गुरांमागे, दुकानात, रविवारी चर्चमध्येसुद्धा ते तिच्या छातीवर असे. पाद्रीबाबा एकदा म्हणाले होते, “विल्मा, देवाच्या घरात अस्वल येत नाही.” त्यावर विल्मा म्हणाली होती, “वाटेत येतं ना.”

बारा दिवसांपूर्वी ते खरंच वाटेत आलं होतं.

“पहिल्यापासून सांग,” नेल म्हणाली.

“ओढ्याकाठी रानचेरी तोडत होते. वारा उलटा, त्यामुळे ना त्याला माझा वास, ना मला त्याची चाहूल. भला थोरला नर. मी रिव्हॉल्व्हर उपसलं, पण चाप ओढायच्या आत त्याने मनगटच धरलं. रिव्हॉल्व्हर उडून झुडपात पडलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने मला पालथं पाडलं. तोंड चिखलात. डोळ्यांची अशी आग झाली म्हणून सांगू. दोन दिवस धुतले तरी जाईना. डॉक्टर म्हणाले, चिखल गेला असेल. पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले ती इस्पितळात.”

“आणि अस्वल?”

“मेलेलं. माझ्याच रिव्हॉल्व्हरने. आणि रिव्हॉल्व्हर परत माझ्याच छातीवर, खोळीचं बटण लावून.”

“क्लेटनने मारलं ना ते,” ओडी मध्येच म्हणाला. “पेपरात फोटो आला होता त्याचा. तुझा भाचा शूर निघाला हो.”

“तो म्हणतो, त्याने मारलं.” विल्माने रिकामी खोळ चाचपली. “नेल, मी त्याचे सात वेळा आभार मानले. सातही वेळा तो बुटांकडे बघत राहिला. सोमवारी वकील येतोय. रँच क्लेटनच्या नावावर करून देणार आहे मी. तो सुट्टीतल्या बंगल्यांसाठी विकेल, हेही ठाऊक आहे मला. जीव वाचवणाऱ्याला जमीन द्यायला मला काही जड नाही. पण आभार भलत्याच दारात ठेवून आले असेन, तर ते उचलून खऱ्या दारात न्यायला माझ्यापाशी किती दिवस उरलेत? सोमवारच्या आत मला खरं काय ते सांग.”

“रँचवर आणखी कोण असतं?”

“एल्डन रस्क. त्याचा बाप आमचा कारभारी होता, त्यामुळे वाढला आमच्याकडेच. पण तो त्या दिवशी वरच्या कुंपणावर होता, तीन मैल लांब. आणि ओढ्यापलीकडे ऑगस्टा पेल.”

नेलने वहीत काहीच लिहिलं नाही. “रिव्हॉल्व्हरमध्ये आठही गोळ्या भरतेस?”

“सात. गोळीवर आपटतो त्या घोड्याला झोपायला चाकातलं एक घर रिकामं ठेवायचं, ही बाबांची शिकवण. जुनी रिव्हॉल्व्हरं हातातून पडली की घोडा आपटून गोळी सुटायची. नवी सुटत नाहीत, कळतं मला. पण हाताला कोण सांगणार? रँचवर वाढलेल्या प्रत्येकाला बाबांनी आधी ते शिकवलं आणि नेम धरायला नंतर.”

“आठ घरांचं घ्यायचं आणि सात भरायची,” ओडी म्हणाला. “मोठं घर घेऊन एका खोलीला कुलूप लावायचं, त्यातली गत.”

“तू सहाचं वापरतोस ना? मग माझी एक जास्तच,” विल्मा म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

वन्यजीव खात्याचा वॉर्डन टेनी हा फार बारकाव्याचा माणूस होता. लांडगा असो की ससा, मेलेल्या प्रत्येक प्राण्याची तो फाईल करी. अस्वल मारायला या भागात बंदी, त्यामुळे ही फाईल तर जाडच होती.

“इस्पितळात नर्सने पट्टा काढून तसाच कपाटात बंद केला होता,” तो म्हणाला. “खोळीचं बटण मी स्वतः उघडलं. रिव्हॉल्व्हर उघडण्याआधी गोळ्यांच्या चाकावर पेन्सिलीने खूण केली. हे बघा चित्र. घोड्याखाली रिकामं घर. तिथून ओळीने चार उडालेल्या पुंगळ्या, मग तीन जिवंत काडतुसं.”

“म्हणजे चार गोळ्या उडाल्या. क्लेटनच्या जबाबात पाच लिहिल्यात.”

“अस्वल समोर असताना मोजतो कोण?”

“जबाब देण्याआधी त्याला काही सांगितलं होतंस?”

टेनीने कान खाजवला. “व्हरांड्यात बोललो होतो. म्हटलं, शाबास रे, तीन उरल्यात अजून. त्यात काय बिघडलं?”

“काही नाही,” नेल म्हणाली, आणि ते चित्र तिने वहीत उतरवून घेतलं.

क्लेटन रँचच्या अंगणात पिकअप धूत होता. चौतिशीचा, देखणा, कमरेला नवं पिस्तूल. दोन वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सुटली तेव्हा तो आत्याकडे आला होता.

“तुझ्या त्या पिस्तुलात किती बसतात?” नेलने विचारलं.

“पंधरा.”

“मग आत्याचं झुडपातून शोधत का बसलास?”

“माझं गाडीत राहिलं होतं. तिचं समोर दिसलं, उचललं, धाड धाड पाच घातल्या.”

“एकामागून एक?”

“दम घ्यायला फुरसत होती का? पाचही एका दमात.”

“मग?”

“मग काय, होतं तसं गरम गरम तिच्या खोळीत कोंबलं आणि बटण लावलं.”

“उघडून नाही पाहिलंस?”

“कशाला उघडू? आत्या रक्तात पडली होती, बाई. उचलली, गाडीत घातली. चाळीस मैल अठ्ठावीस मिनिटांत तोडलेत मी. पुलावर एक चाक हवेत होतं.”

एवढं शेवटचं बोलताना त्याने नेलच्या डोळ्यांत पाहिलं. ओडीला माणूस एकदम आवडून गेला.

ऑगस्टा पेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिने दोघांना बसवलं, मक्याचा केक पुढे केला आणि विचारायची वाटही पाहिली नाही.

“चार. दोन, मग चार मात्रांचा थांबा, मग दोन. पोलिसाला सांगितलं तर तो म्हणतो, आजी, एखादी ऐकू आली नसेल. पन्नास वर्षं या गावाच्या बेसुऱ्या गळ्यांना तालावर धरून ठेवलंय मी. मला चार आणि पाच कळत नाहीत होय?”

“तुमच्याकडेही रायफल आहे ना?” ओडीने उगाच आवाज जड करून विचारलं.

“आहे. आणि माझे गुडघे ओढ्यापर्यंत गेले असते तर वाजवलीही असती. केक घे, नाहीतर आणखी काहीतरी विचारशील.”

एल्डन रस्क वरच्या कुंपणावर तार ताणत होता. सहासष्ट वर्षांचा, बोलण्यात काटकसरी. कमरेला अस्वलांवर मारायचा तिखटाचा फवारा होता. डबा कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती.

“अस्वलाला चटणी लावून खायचा बेत दिसतोय,” ओडी म्हणाला.

एल्डन हसला. “मला दुसरं काही चालत नाही, ओडी. ठाऊक आहे तुला.”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाविसाव्या वर्षी दुसऱ्याची अकरा वासरं हाकून नेली म्हणून एल्डनने दोन वर्षं तुरुंगात काढली होती. असा शिक्षा झालेला माणूस पुन्हा बंदूक बाळगू शकत नाही. हातात घेतलेली सापडली तरी परत आत. त्यामुळे अस्वलांच्या या मुलुखात, जिथे लोक दूध आणायलाही मॅग्नम लावून जातात, तो बेचाळीस वर्षं एका फवाऱ्याच्या भरवशावर हिंडत होता.

“त्या दिवशी कुठे होतास?” नेलने विचारलं.

“इथेच.”

“जुना डबा काय झाला?”

“संपला.”

“क्लेटनने रँच विकली तर तू कुठे जाणार?”

“बघू.” त्याने पक्कड खिशात घातली. “बाई वाचल्या ना, झालं तर. त्यांचे डोळे कसे आहेत आता?”

“बरे आहेत,” नेल म्हणाली आणि मागे वळली.

उतारावर ओडीने गाडी सावकाश सोडली. “याला तू यादीतून काढून टाक. हा खेळण्यातलं पिस्तूलही हातात धरायचा नाही. राहिला क्लेटन. म्हणजे पेपरात आलं तेच खरं, आणि आपण दोन दिवस पेट्रोल जाळलं.”

“कोर्टाकडे घे गाडी,” नेल म्हणाली. “मला सरकारी वकिलाला एक ‘समजा’ विचारायचाय.”

शनिवारी दुपारी विल्माच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. चुलीवर बीफचा रस्सा रटरटत होता. ऑगस्टा खिडकीपाशी, क्लेटन टेबलाशी, एल्डन टोपी हातात घेऊन दाराला टेकलेला. मध्ये ब्लूबेरी भरून भाजलेला गोल ‘पाय’ ठेवला होता, आठ तुकडे केलेला. सात उरले होते, कारण ओडीला धीर धरवला नव्हता.

“खाल्लास ते बरं केलंस,” नेल म्हणाली. “हे विल्माचं रिव्हॉल्व्हर समजा. आठ घरं, त्यातलं एक रिकामं. हा चमचा म्हणजे घोडा.” तिने ताटलीच्या कडेला चमचा ठेवला, रिकाम्या जागेसमोर. “ओढ्याकडे निघताना ते असं होतं. आता चाप ओढला, की चाक एक घर पुढे सरकतं आणि गोळी सुटते. चाप ओढल्याशिवाय ते आपोआप सरकत नाही. बरोबर, क्लेटन?”

“बरोबर.”

तिने ताटली चारदा सरकवली आणि प्रत्येक वेळी चमच्यासमोर आलेल्या तुकड्यावर एक शेंगदाणा ठेवला. “चार गोळ्या. आता घोडा कशावर आहे?”

“चौथ्या पुंगळीवर,” ओडी म्हणाला. हे त्याला कळलं होतं.

“तू म्हणतोस, उघडलं नाही, होतं तसं कोंबलं. मग वॉर्डनला घोड्याखाली चौथी पुंगळी सापडायला हवी. त्याला सापडलं रिकामं घर.” तिने ताटली फिरवून पुन्हा रिकामी जागा चमच्यासमोर आणली. “याचा अर्थ कोणीतरी रिव्हॉल्व्हर उघडलं, चाक हाताने फिरवलं, घोडा रिकाम्या घरावर निजवला, मग ते खोळीत ठेवलं.”

क्लेटनची नजर पुन्हा बुटांवर गेली.

“आता तुझे पाच. ऑगस्टाने चार ऐकल्या, पुंगळ्या चारच. वॉर्डन तुला म्हणाला, तीन उरल्यात. घरं आठ, हे गावाला ठाऊक. आठातून तीन गेले, पाच. एक घर कायम रिकामं असतं, हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा पाच हा आकडा आठवणीतला नाही, वजाबाकीतला आहे. आणि उडवणारा मध्ये थांबला होता. दोन घालून त्याने पाहिलं, अस्वल अजून उभं आहे का. तू म्हणालास, एका दमात.”

विल्माने भाच्याकडे पाहिलं. “क्लेटन?”

“मला वाटलं, तूच मारलंस, आत्या. अस्वल मेलेलं, रिव्हॉल्व्हर तुझ्या छातीवर, आणि तुला काही आठवत नव्हतं. नर्सने विचारलं, कोणी मारलं, तर तोंडातून ‘मी’ निघून गेलं. मग पेपरवाला आला. श्रेय तुझंच होतं ते, म्हटलं, दुसऱ्या कोणाचं घेतलं असं नाही. तू आभार मानायला लागलीस तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.”

“विल्माने मारणं शक्य नव्हतं,” नेल म्हणाली. “मनगट मोडलेलं, ती पालथी, रिव्हॉल्व्हर झुडपात. म्हणजे तिसरं कोणीतरी तिथे होतं.”

“पण तो रिकाम्या घराचा प्रकार येडेपणाच की,” ओडी म्हणाला. “तीन जिवंत गोळ्या हाताशी होत्या. असं फिरवून ठेवल्यावर पुढचा चाप ओढला तर घोडा पडणार पहिल्या उडालेल्या पुंगळीवर. दुसरं अस्वल आलं असतं तर?”

“आजवरचं तुझं सगळ्यात शहाणं वाक्य आहे हे. त्या माणसाला पुन्हा गोळी झाडायची नव्हतीच. त्याला ती वस्तू झोपवून हातावेगळी करायची होती. हे त्याने विचार करून केलं नाही, हाताने केलं. लहानपणी, याच रँचवर, याच घरातल्या म्हाताऱ्याकडून जो हात शिकला, त्या हाताने.” तिने दाराकडे मुद्दाम पाहिलं नाही. “आणि त्याने आधी गोळी झाडलीच नाही. त्याच्याजवळ होता तो तिखटाचा फवारा त्याने अस्वलावर रिकामा केला. वारा उलटा. निम्मं तिखट विल्माच्या डोळ्यांत गेलं. तिचा हात आणि गाल सगळ्यांना दिसतात, सगळे त्यांचीच चौकशी करतात. डोळे कसे आहेत, हे मला एकाच माणसाने विचारलं.”

ओडीने दुसऱ्या तुकड्याकडे नेलेला हात मागे घेतला.

“मी नाव घेणार नाही,” नेल म्हणाली. “ते त्याचं आहे. त्याला गप्प राहायचं असेल तर मी इथेच थांबते.”

ओडीला तेव्हा कळलं. दोन दिवस आपण कोणाचं घर उन्हात बांधत होतो ते त्याला उमगलं.

एल्डनने टोपी डोक्यावर घातली. “तार आणायला खाली आलो होतो,” तो म्हणाला. “फवारा संपला, तरी ते बाईंना सोडीना. रिव्हॉल्व्हर पायाशीच होतं. मग क्लेटनच्या गाडीचा आवाज आला. इस्पितळ चाळीस मैल, माझ्याकडे गाडी नाही. तो उचलेपर्यंत झुडपात उभा राहिलो. वॉर्डनला फोन करा, नेल. मी पळणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उचलीन, हेही सांगा त्याला.”

“फोन कशाला? काल सरकारी वकिलाला विचारून आले मी. म्हटलं, समजा, एखाद्या मनाई असलेल्या माणसाने कोणाचा जीव वाचवायला बंदूक उचलली तर? तो म्हणाला, धोका होता तेवढाच वेळ धरली असेल, एक मिनिटही जास्त नाही, तर मी खटला भरणार नाही. पण ते सिद्ध कसं करणार?” नेलने ताटली त्याच्याकडे सरकवली. “तीन जिवंत गोळ्या सोडून, घोडा निजवून, मालकिणीच्या खोळीत बटण लावून. वॉर्डनच्याच हातचं चित्र आहे. ते पाहून तो म्हणाला, त्या माणसाला सांगा, निवांत झोप.”

एल्डनने घातलेली टोपी पुन्हा काढली.

विल्मा उठली, पण आधी भाच्याकडे वळली. “अठ्ठावीस मिनिटांत नेलंस मला. ते तरी खरं ना?”

“ते खरं, आत्या.”

“मग त्याचे आभार मानते मी, आणि या वेळी वर बघून घे.” त्याने वर पाहिलं, डोळे भरले होते. “जमिनीचं मात्र विसर. सोमवारी वकिलाला वेगळं सांगणार आहे.”

मग ती एल्डनसमोर जाऊन उभी राहिली. “बारा दिवस बोलायचं ठरवून ठेवलं होतं रे. एक शब्द आठवत नाहीये.”

“मग मी बोलतो,” एल्डन म्हणाला. “बेचाळीस वर्षांचं राहिलंय. मी सुटलो तेव्हा तुरुंगाच्या दाराशी तुमचे बाबा गाडी घेऊन उभे होते. तुम्ही मधल्या सीटवर होतात. घरी येईपर्यंत दोघांनीही मला एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी गुरं माझ्या हवाली केलीत. चोराच्या हवाली. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, बाई. मानायला गेलो तर रडू येईल, या भीतीने.”

त्याला ते आलंच. ऑगस्टाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“बस,” विल्मा म्हणाली. “टेबलाशी. त्या मोठ्या खुर्चीत. आज तू बसायचं आणि मी वाढायचं.”

ती डाव्या हाताने रस्सा वाढू लागली. सवय नसलेला हात, जड डाव. निम्मा रस्सा टेबलावर सांडला. क्लेटन उठायला लागला तसा नेलने त्याला हाताने खाली बसवलं. मग मदतीला कोणीच उठलं नाही, आणि एल्डनने ताटात पडलं ते सगळं खाल्लं.